टेमघरची बिनठिपक्याची माशी

माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती त्या काळात आई माझ्या नोकरीबद्दल अर्धंच वाक्य बोलायची. "सुमन सरकारी खात्यात आहे, फोटो तपासते," एवढं सांगून ती घाईघाईने चहा आणायला उठायची. समोरच्यांना वाटायचं, मुलगी पोलिसांत आहे, गुन्हेगारांचे फोटो बघत असेल. एका मुलाच्या वडिलांनी तर पोह्यांची बशी खाली ठेवून विचारलं, "मग चोर सापडतात का?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सापडतात की!" तिचं काही खोटं नव्हतं. माझे चोर सहा पायांचे होते आणि बहुतेक वेळा म्हशीच्या पाठीवर सापडायचे, एवढंच.

मी गोमाश्या ओळखायचे. गोमाशी म्हणजे आपल्या भाताच्या ताटाभोवती घोंघावते ती नव्हे. ती बिचारी मागून खाणारी, ही दरोडेखोर. अंगाने दांडगी, कुणी तिला घोडमाशीही म्हणतात. गाय, म्हैस, घोडा, माणूस, जे गरम, हलतं आणि काळपट दिसेल त्यावर ती येऊन बसते, कातडी कापते आणि वर येणारं रक्त पिते. माणसाला चावली तर माणूस जागच्या जागी नाचतो. म्हशीला नाचता येत नाही, म्हणून ती शेपटी आपटते, लाथा झाडते आणि दूध चोरते. शिवाय एका जनावराचा आजार ही माशी दुसऱ्या जनावराला नेऊन देते. म्हणून भिवंडीत आमचं एक छोटंसं ऑफिस होतं. त्यात एक साहेब, एक मी आणि एक भिंग असे तिघे काम करायचो.

धाकटा भाऊ म्हणायचा, "ताईला सरकारने माशा मारायला ठेवलंय." मी त्याला दर वेळी सांगायचे की मारायची परवानगी असती तर काम फार लवकर आटपलं असतं. आम्हाला त्या जिवंत हव्या असायच्या, निदान फोटोत तरी.

फोटोच का, असं सगळेच विचारतात. पूर्वी गावोगावचे पशुधन पर्यवेक्षक माशी पकडून काडेपेटीत घालायचे आणि पोस्टाने पाठवायचे. पोस्टातल्या माणसाचा शिक्का नेमका त्या काडेपेटीवर पडायचा, आणि मग आमच्या टेबलावर चटणी यायची. पण खरं कारण वेगळं आहे. जिवंत गोमाशीचे डोळे पाहण्यासारखे असतात. त्यात झळझळीत पट्टे असतात, कुणाचे सरळ, कुणाचे नागमोडी, आणि त्यांवरून जात ओळखायला मोठी मदत होते. माशी मेली की थोड्याच वेळात ते पट्टे मावळतात आणि उरतात ते चिंचोके. म्हणून साहेबांनी वरच्या ऑफिसशी भांडून एक कॅमेरा मिळवला होता. रंगीत रोल मंजूर झाला नाही, पण काळ्या-पांढऱ्या फोटोतही पट्टे कळायचे.

जात विचारायची सवय माझ्या घरात कुणी मला लावली नव्हती, उलटच शिकवलं होतं. माशीच्या बाबतीत मात्र तो पहिला प्रश्न असायचा. आमच्या भागात ठळक अशी तीन घराणी होती आणि त्यांची लॅटिन नावं साहेबांनी कितीही घोकून घेतली तरी मी माझी नावं ठेवली होती. पहिलवान, म्हणजे धिप्पाड, काचेसारख्या स्वच्छ पंखांची. पट्टेवाली, म्हणजे पंखावर काळा आडवा पट्टा असलेली. आणि ठिपकेवाली, म्हणजे राखाडी पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असलेली. ही शेवटची दिसायला सगळ्यांत देखणी आणि स्वभावाने सगळ्यांत वाईट, कारण ती आवाज न करता येते. चावणाऱ्या सगळ्या माद्याच. नर फुलांतला मध पिऊन राहतात. फोटोत दोन्ही डोळे कपाळावर एकमेकांना चिकटले असतील तर नर, मध्ये फट असेल तर मादी. एवढं कळलं तर आमचं अर्धं काम तुम्हीही करू शकाल.

उरलेलं अर्धं काम म्हणजे आलेल्या फोटोत माशी शोधणं. काल्हेरच्या पर्यवेक्षकांनी पहिला अख्खा रोल म्हशीच्या मालकाच्या कुटुंबाचा काढून पाठवला. मधोमध म्हैस, दोन्ही बाजूंना सुना, पुढे नातवंडं, आणि मागे लिहिलेलं, "माशी उडून गेली." दुसऱ्या एकाने फार मेहनतीने एका मनुक्याचा फोटो पाठवला होता. मी तो भिंगाखाली धरून त्याचे पाय शोधत बसले होते. एक गृहस्थ चिकाटीचे. माशी जनावरावर स्थिर बसत नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या दंडावर बसवून घेतली आणि डाव्या हाताने फोटो काढला. माशी अस्पष्ट आली, पण मागे त्यांचा चेहरा इतका स्पष्ट आला होता की मला बघूनच कळवळायला झालं.

एक टांगेवाले चाचा तर स्वतःच घोडा घेऊन ऑफिसच्या दारात यायचे. त्यांच्या राजा नावाच्या घोड्याला पहिलवान माश्या फार छळत. साहेबांनी तेलाचा एक उपाय लिहून दिला. आठवड्याने चाचा तणतणत परत आले. "साहब, वो तेल वापस लो. मक्खी काटती थी तब तो ये चलता था. अब बीच रस्ते में खड़ा होके सोचता है." साहेबांनी खूप समजावलं, पण चाचांचं म्हणणं एकच, सगळ्या नको, एक माशी तरी परत द्या.

असं सगळं हसत-खेळत चाललं होतं, आणि मग टेमघरच्या काथोडकाकांचं प्रकरण आलं.

काथोड पाटील टेमघरचेच. वाडवडिलांपासूनचा म्हशींचा तबेला. पूर्वी आजूबाजूला भातशेती होती. हळूहळू ती जाऊन तिथे लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेड उभ्या राहिल्या आणि तबेला मधोमध सापडला. शेजारच्या शेठची शेड तबेल्याला अगदी खेटून होती. त्या उन्हाळ्याच्या शेवटी शेडमधल्या कारागिरांना माश्या चावू लागल्या. लूम चालवणाऱ्याने दंडावर चापट मारायला हात सोडला की इकडे धागा तुटायचा आणि कापडात दोष पडायचा. शेठने तक्रार केली की हा सगळा त्रास म्हशींच्या शेणाचा आहे, तबेला गावाबाहेर हलवा. चौकशीला एक निरीक्षक नेमले गेले आणि त्यांनी आमच्या साहेबांना विचारलं, माशी कुठली आहे ते सांगा.

प्रश्न साधा होता. चावणाऱ्या माश्यांत एक तबेलमाशी असते, घरमाशीसारखी दिसणारी. ती शेणात आणि कुजलेल्या वैरणीत वाढते. ती निघाली तर दोष तबेल्याचा. पण गोमाशीची अळी शेणात वाढत नाही, ती ओल्या चिखलात वाढते. गोमाशी निघाली तर काथोडकाका सुटले.

काका ऑफिसात आले तेव्हा डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"बाई, तबेला काढला तं मी म्हशी नेऊ कुठं? खाडीकडं जमीन हाय आमची, पन खारी हाय, तिथं प्यायाला पानी न्हाय. इकाव्या लागतील. चंद्रीला माज्या बायकोनं हातावर वाढवलंय. ती दुसऱ्याच्या हाताला धारच देत न्हाय."

"काका, फोटो तर येऊ दे."

"फोटो काढा, काय पन काढा. पन माशीला नीट इचारा, कुनाची हाय ती."

नेमकं त्याच सुमारास आमच्या खात्याच्या कॅमेऱ्यावर एक म्हैस बसली. कशी बसली हे पर्यवेक्षकांनी आम्हाला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं, पण कॅमेरा एकाच तऱ्हेने मोडला होता. मग साहेबांनी नाक्यावरच्या रफीकभाईंना बोलावलं.

रफीकभाई लग्नांचे फोटोग्राफर. सगळ्या जातीधर्मांची लग्नं त्यांच्याकडे. त्यांची ख्याती फोटो काढण्याहून फोटो साफ करण्यात जास्त होती. बाहेरच्यांना हे पटकन कळणार नाही. भिवंडीत लूममधून उडालेले सुताचे बारीक तंतू चोवीस तास हवेत तरंगत असतात. डब्यातल्या भाजीवर बसतात, कानांत जातात, आणि फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवर बसतात. मग छापलेल्या फोटोवर पांढरे पांढरे ठिपके उमटतात. नवरीच्या शालूवर, काझीसाहेबांच्या दाढीवर, सगळीकडे. रफीकभाई मोजक्या केसांचा ब्रश घेऊन बसत आणि पाण्यात कालवलेल्या राखाडी रंगाने एकेक ठिपका बुजवत. त्यांच्या हातून गेलेल्या फोटोत भिवंडी ठाण्याच्याही पुढची वाटायची.

त्यांना माश्यांचं काम सांगितलं तेव्हा त्यांनी फार गांभीर्याने विचारलं, "मॅडम, क्लोज-अप लेना है या फुल फिगर?"

"दोन्ही. वरून पंख, आणि समोरून चेहरा."

"हो जाएगा. दुल्हन का भी ऐसेच लेते हैं."

आणि माणसाने खरोखर कमाल केली. तबेल्यात सकाळभर चंद्रीच्या पाठीशी उभं राहून त्यांनी असे फोटो काढले की साहेबांनी पाकीट उघडताच खुर्ची मागे सारली. इतके स्वच्छ फोटो आमच्या ऑफिसात कधी आलेच नव्हते. एकूण एक केस दिसत होता. मी भिंग लावलं. अंगाची ठेवण, शिंगांसारख्या मिशा, सगळं गोमाशीच्या कुळाचं. डोळ्यांत फट, म्हणजे मादी. पंख मात्र एकसारखे राखाडी, कुठे नक्षी नाही, पट्टा नाही. आणि काचेसारखे स्वच्छही नाहीत. डोळे काळेभोर, त्यातही पट्टे नाहीत.

पहिलवान नव्हे, पट्टेवाली नव्हे, ठिपकेवाली नव्हे. साहेबांनी जाडजूड ग्रंथ काढला. मी त्यातल्या जात ओळखायच्या पायऱ्या मोठ्याने वाचत होते आणि ते प्रत्येक पायरीला "नाही... नाही..." म्हणत होते. शेवटी ग्रंथ संपला. साहेबांनी चष्मा काढला आणि अत्यंत हळू आवाजात म्हणाले, "सुमनबाई, ही कुणीच पाहिलेली नाही."

त्या क्षणी मला जे वाटलं ते मी लपवणार नाही. अंगावर काटा आला. साहेबांनी उदार मनाने त्याच बैठकीत जाहीर केलं की फोटो तुम्ही तपासलात, नव्या जातीला तुमचंच नाव द्यायचं. संध्याकाळी मी घरी सांगितलं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत आईने अख्ख्या आळीला सांगितलं. ज्या बाईला इतकी वर्षं माझी नोकरी गिळावी लागत होती, ती आता ओट्यावर बसून म्हणत होती, "परदेशातल्या पुस्तकात माशीला सुमनचं नाव छापून येणार!" त्याच आठवड्यात वडपे गावाहून एक वायरमन मला बघायला आला. त्याच्याही कानावर गेलं होतं. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "म्हणजे पुढे मागे माझ्या घरात सुमन चावली अशी बोंब झाली, तर नक्की कुणाबद्दल समजायचं?" मी इतकी हसले की आईने आतून डोळे वटारले.

पण नवी जात म्हटली की जिवंत नमुना हवा, नुसत्या फोटोवर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून आम्ही जाळं घेऊन टेमघरला गेलो, तर तबेल्यात एकही माशी नाही. काथोडकाकांच्या बायकोने साहेब येणार म्हणून सकाळपासून कडुनिंबाचा पाला जाळून धूर केला होता. "मान्सं येनार घरी, त्यांना माश्या चावल्या तं बरं दिसतं का?" आम्ही परोपरीने सांगितलं की माश्याच बघायला आलोय. पुढच्या खेपेला त्यांनी पाला जाळला नाही, धूप घातला. एकदा न कळवता गेलो तर माशी दिसली, साहेबांनी जाळं फेकलं, ते चंद्रीच्या शिंगात अडकलं आणि चंद्री जाळ्यासकट साहेबांना घेऊन थोडी पुढे गेली. शेजारच्या शेडमधल्या कारागिरांनी नमुने दिले, पण ते त्यांनी चापट मारून मिळवले होते. पोस्टाचा शिक्का परवडला असं म्हणायची वेळ आली.

तेवढ्यात चौकशीची तारीख येऊन ठेपली. शेठच्या शेडसमोर खुर्च्या मांडल्या. निरीक्षक, शेठ, साहेब, मी, टोपी हातात घेऊन काथोडकाका, आणि त्यांच्यामागे पदर तोंडाशी धरून त्यांची बायको. रफीकभाईंनी माशीचा फोटो मोठा करून, चौकट लावून आणला होता. तो त्यांनी नवरदेवाचा ठेवतात तसा स्टुलावर उभा केला.

साहेबांनी नव्या जातीची बातमी सांगितली. निरीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान. हिची अळी कुठे वाढते?"

"गोमाश्यांची साधारणपणे चिखलात वाढते."

"साधारणपणे नको. हिची?"

साहेब प्रामाणिक माणूस. म्हणाले, "जातच नवी आहे. अभ्यास केल्याशिवाय सांगता येणार नाही."

"म्हणजे शेणात वाढत असेल, असंही असू शकतं?"

साहेबांनी नाइलाजाने मान हलवली. शेठ मात्र खुर्चीत सैलावून बसले. निरीक्षक म्हणाले, "मग अभ्यास होईपर्यंत म्हशी इथून हलवा. कारागिरांचा जीव महत्त्वाचा."

काथोडकाका माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, नवीन जात म्हंजे चांगलं ना? तुमीच बोललाव तवा, चांगलं झालं."

इतके दिवस माझ्या नावाची माशी डोक्यात घोंघावत होती, तिने या माणसाचा तबेला खाल्ला हे मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात रफीकभाई बोलले. ते मघापासून घुश्श्यात होते. इतका वेळ सगळे माशीबद्दल बोलत होते, फोटोबद्दल एक अक्षर कुणी काढलं नव्हतं.

"साहब, सब हो गया आपका? प्रिंट की सफाई की तो किसी ने बातच नहीं की."

"फोटो उत्तम आहे, रफीकभाई," साहेब थकून म्हणाले.

"उत्तम ऐसे नहीं होता साहब. आँखें गईं मेरी. इतनी धूल तो शादी के पूरे अल्बम में नहीं निकलती, जितनी इस एक मक्खी के पर पे निकली. सफेद-सफेद, पूरा भरा हुआ. एक-एक दाना बैठ के मारा है मैंने. आँख में भी चमक की लकीरें आई थीं, वो भी भर दीं." मग आवाज खाली आणून ते कौतुकाने म्हणाले, "और ऊपरवाले की कुदरत देखो, दोनों पर पे एकदम एक जैसी धूल. इधर दाना, तो उधर भी दाना."

शेडमधले लूम खडखडत होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे.

"काकू," मी काथोडकाकांच्या बायकोला म्हटलं, "थोडं पाणी द्या."

त्यांनी मला प्यायला हवं असं समजून तांब्या-भांडं आणलं. मी फोटो चौकटीतून काढला, पदराचं टोक भिजवलं आणि पंखावरून हलक्या हाताने फिरवलं. रफीकभाई किंचाळले, "मॅडम! ये क्या कर रहे हो?" रंग पाण्याचाच होता. राखाडी पाणी ओघळलं आणि त्याखालून एक पांढरा ठिपका वर आला. मग दुसरा. मग त्यांची ओळ, आणि अख्खी नक्षी. मी दुसरा पंख पुसला, त्यावरही तीच. डोळा पुसला तर नागमोडी पट्टे उघडले आणि ती बया आम्हा सगळ्यांकडे टवकारून बघू लागली.

"ठिपकेवाली," मी म्हणाले.

साहेबांनी तिचं लॅटिन नाव सांगितलं आणि मग डोळे मिटून घेतले. माझं परदेशातल्या पुस्तकातलं नाव पदराला पुसलं गेलं होतं, आणि मला हसू आवरत नव्हतं.

"हिची अळी कुठे वाढते ते माहीत आहे?" निरीक्षकांनी विचारलं.

"या भागात ती आम्हाला नेहमी चिखलातच सापडते," साहेब म्हणाले. "शेणात नाही. चला, दाखवतो."

शेठच्या शेडमागे त्यांच्याच सायझिंगचं, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या कामाचं, सांडपाणी उघड्या नाल्यात सोडलेलं होतं. त्याच्या काठाला छान गार, मऊ चिखल. मी पदर खोचून बसले आणि हात घातला. पहिल्या मुठीत गांडूळ आलं, दुसरीत सुताची रिकामी बॉबीन. शेठ म्हणाले, "देखो, कुछ नहीं है." पुढच्या मुठीत मात्र दोन्ही टोकांना निमुळती, मळकट पांढरी अळी वळवळत आली. निरीक्षकांनी ती बघायला तळहात पुढे केला. मी सांगणारच होते की गोमाशीची अळीही चावते, पण ते फार उत्साहात होते. त्यांनी जो हात झटकला, ती अळी थेट शेठच्या सदऱ्यावर जाऊन पडली, आणि पुढची थोडी मिनिटं शेठ नाल्याकाठी जे नाचले, ते पाहून कारागिरांनी लूम बंद केले.

निकाल तिथेच लागला. नाला बंदिस्त करायचा, चिखल काढायचा, आणि तबेला जागच्या जागी. काथोडकाकांनी टोपी डोक्यावर घातली. त्यांची बायको आत गेली आणि चंद्रीच्या गळ्यात हात घालून मोठ्याने रडली. चंद्रीने शेपटीने तिला एक सणसणीत लगावली, बहुधा माशी समजून.

रफीकभाई मात्र खचले होते. पुसलेला फोटो हातात घेऊन ते कितीतरी वेळ स्टुलावर बसून होते. "मॅडम, इतने साल में कितने लोगों के असली दाग मिटाए होंगे मैंने, ये भी धूल समझ के?" मी म्हटलं, "रफीकभाई, आज तुम्ही बोललात म्हणून म्हशी वाचल्या." त्यांनी मान हलवली, पण ते पटलेलं दिसलं नाही.

आळीत माझी नाचक्की झाली, ती अपेक्षितच होती. आई पुन्हा अर्धं वाक्य बोलू लागली. वायरमनचा मात्र होकार आला. तो म्हणाला, "बरं झालं नाव द्यायचं राहिलं ते. एरवी प्रत्येक माशी मारताना घरात परवानगी काढावी लागली असती."

लग्न वडप्याला झालं, साधं, बुद्धवंदना घेऊन. मी पांढऱ्या साडीत, नवरदेव नवा कोरा काळानिळा सूट घालून. गरम, हलतं आणि काळपट, असं मला तेव्हाच वाटून गेलं होतं. काथोडकाका खिरीसाठी दुधाचे कॅन घेऊन टेम्पोतून आले, थेट धारा काढून, कपडे न बदलता. फोटो काढायला रफीकभाई हक्काने हजर.

अल्बम आला तेव्हा आईने कपाळाला हात लावला. प्रत्येक फोटोवर पांढरे ठिपके. माझ्या नाकावर, भन्तेजींच्या चीवरावर, खिरीच्या पातेल्यावर. भिवंडीतलं सगळं सूत आमच्या लग्नाला आलं होतं. मी विचारलं तर रफीकभाई हात जोडून म्हणाले, "अब हाथ नहीं लगाता मॅडम. क्या पता कौनसी धूल असली हो."

पुढे नव्वदीच्या दशकात काथोडकाकांच्या मुलांनी तबेला पाडून तिथे गोडाऊन बांधलं. कुणाची तक्रार नव्हती, नोटीस नव्हती, त्यांचं त्यांनीच ठरवलं. काका दारात खुर्ची टाकून ट्रक मोजत बसायचे. मला बघितलं की म्हणायचे, "बाई, आता एक माशी न्हाय, बघा. करमत न्हाय." रफीकभाईंनीही स्टुडिओ भाच्याला दिला. ब्रश तेवढा स्वतःकडे ठेवला. मला दोघांची फार आठवण येते, आणि ती येते तेव्हा मी हॉलमधल्या भिंतीकडे बघते.

तिथे आमच्या लग्नाचा एक फोटो आहे. हार घालतानाचा. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, नवरदेव डोळे घट्ट मिटून, दात आवळून उभे आहेत, आणि मी एकटी मान वर करून त्यांच्या कपाळाकडे टक लावून बघते आहे. येणारे-जाणारे थांबतात. म्हणतात, अहो, किती प्रेमाने बघताय! असं बघणारी नवरी आम्ही पाहिली नाही. आमचे हे बाजूला बसून गालातल्या गालात हसतात आणि कपाळ चोळतात.

मीही हो म्हणते. ठिपकेवाली होती. मादी. दुधाच्या टेम्पोतून आली असणार. रफीकभाईंनी तिचा एक ठिपकाही बुजवलेला नाही.